तिरक्या दांड्याची सायकल

माझं पंक्चर निघेपर्यंत मी दुकानातल्या बाकावर बसलो होतो. समोर एक गृहस्थ दुकानदाराला पिडत होते. त्यांची बायको शेजारी उभी होती.

“रेसिंग सायकल जुनीच हवी, पण दिसायला आजची. दांडा तिरका, नळ्या जाड.”

“जुन्यात सगळे दांडे आडवेच, साहेब. तिरका एकदाच आला होता, वीस वर्षांपूर्वी.”

“मग?”

“मालकच विकून गेला. म्हणे, वाकडी दिसते, लोक हसतात.”

“कोण हो हा दिवटा?”

“चेहरा नाही आठवत. त्याची बायको मात्र पायरीपर्यंत सांगत होती, विकू नका, पस्तावाल.”

“शहाणी बाई! ऐकायचं होतं तिचं.”

“अहो, हे जरा पुन्हा म्हणा,” बायको म्हणाली. “वीस वर्षं वाट बघतेय मी.”