विहिरीवरच्या बाईनं पाणी दिलं का?

लातूर नवा जिल्हा झाला, तरी दुष्काळात टँकर दर तिसऱ्या दिवशीच यायचा. रांगेत नीलम्मा आणि चर्चमध्ये उपदेश करणारे याकोब मास्तर बोलत होते.

"मास्तर, तंबूत येशूचा सिनेमा बघितला. लई रडले."

"मी मात्र रविवारी त्या सिनेमाविरुद्ध बोलणार हाय."

"का वो?"

"येशू विहिरीवर परजातीच्या बाईला पाणी मागतो. सिनेमात ती लगेच देती. शास्त्रात तसं न्हाई."

"मग काय करती?"

"बोलत बसती. मग घागर तिथंच टाकून गावात सांगायला पळती."

"अन् पाणी?"

"दिलं का न्हाई, लिहिलेलंच न्हाई."

"उन्हातून आलेला माणूस तसाच तहानलेला?"

मास्तरांनी रिकामी घागर खाली ठेवली.

"चाळीस वर्षं ही गोष्ट सांगतोय, नीलम्मा. असं कुणी इचारलं न्हाई."

"त्याचे शिष्य कुठं होते?"

"गावात खायला आणायला गेले होते."

"मग त्यांना काय दिसणार, अन् ते लिहिणार काय? दिलं असणार हो तिनं. मागितल्यावर कोण बाई न्हाई म्हणंल?"

टँकर आला. रांग हलली.

"मग रविवारी काय सांगणार, मास्तर?"

"तू म्हणलीस तेच. तुझं नाव घेऊन सांगू का?"

"घ्या की. पण आधी तुमची घागर लावा, तुम्ही म्हातारे."