फावडं

(स्वित्झर्लंडचा डोंगर, हिवाळ्यातली सकाळ. वाटाडी ऊर्सिना बर्फात खणलेल्या खड्ड्यात गुडघ्यांवर. काठाशी तिचा मोठा भाऊ फ्लुरिन, तोही वाटाड्या, आणि पैसे देऊन त्यांच्याबरोबर आलेला पाहुणा झुमस्टाईन. त्या दोघांच्या पायांत स्की, ऊर्सिनाच्या बाजूला रोवून ठेवलेल्या.)

ऊर्सिना: हात घाला ना, साहेब. वरचा थर फळीसारखा घट्ट आहे ना? आता त्याच्या खाली बोट फिरवा.

झुमस्टाईन: भुसभुशीत लागतंय. साखरेसारखं.

ऊर्सिना: त्या साखरेवर अख्खी फळी टेकलीय. मी वरून नुसतं टकटक केलं, तर तुकडा सरकून मांडीवर आला माझ्या. या उतारावरून जायचं नाही, सगळा बर्फ सुटून अंगावर येईल.

झुमस्टाईन: एवढ्याशा खड्ड्यावरून? अहो बाई, तिकडे बघा, काल दोघं उतरलेत की. रेघा दिसतायत.

ऊर्सिना: ते वाचले, एवढंच त्या रेघांवरून कळतं.

झुमस्टाईन: फ्लुरिन, तुम्ही बोला. काल तर म्हणत होतात, झकास उतार आहे.

फ्लुरिन: ऊर्सी, कडेकडेने, एकेक जण गेलो तर?

ऊर्सिना: बरं. समजा मी गेले आणि गाडली गेले. साहेब, फावडं काढा. बघू किती चटकन निघतं.

झुमस्टाईन: आता कशाला?

ऊर्सिना: काढा.

झुमस्टाईन: ते... खाली मुक्कामावर राहिलं. पिशवीत ड्रोन आहे ना, जागाच नव्हती. उतरतानाचं शूटिंग हवं होतं मला.

ऊर्सिना: म्हणजे मी खाली गुदमरणार आणि तुम्ही वरून शूटिंग घेणार.

झुमस्टाईन: तोंड सांभाळा! तुमच्या भावाला माहीत होतं. तेच म्हणाले, तिघांत दोन फावडी पुरे.

ऊर्सिना: दादा?

फ्लुरिन: अगं, हवा एवढी स्वच्छ होती, मला वाटलं...

ऊर्सिना: आणि आपण दोघं एकदम गेलो असतो तर? ह्यांनी नखांनी उकरायचं?

फ्लुरिन: दरवर्षी येतात गं ते. माणसं घेऊन येतात. नाराज कसं करायचं?

ऊर्सिना: शी! सकाळी माझा बीपर तू तपासलास, गाडलं गेलं तर माणूस शोधायचा तो. वाजतोय म्हणालास, पाठीवर थाप मारलीस. तेव्हा ठाऊक होतं तुला?

फ्लुरिन: होतं.

ऊर्सिना: आणि तरी थाप मारलीस.

झुमस्टाईन: तुमची भांडणं घरी जाऊन करा. मी निघालो... अहो, हे काय? पायाखाली धप्प झालं काहीतरी!

फ्लुरिन: हलू नका! आहे तिथेच थांबा!

ऊर्सिना: थर बसला. दादा, तडा बघ, पार त्या खडकापर्यंत गेलाय. साहेब, माझ्याकडे बघा. उतार सोडून माझ्या बाजूला यायचं. सावकाश. स्की उचलू नका, सरकवा.

झुमस्टाईन: मला नाही जमायचं हो.

ऊर्सिना: जमेल. या. अजून थोडं. हं, धरा हात.

झुमस्टाईन: पुढच्या वेळी फावडं नक्की...

ऊर्सिना: पुढच्या वेळी दुसरं कुणीतरी शोधा. चला, झाडीतून खाली.

फ्लुरिन: तू हो पुढे, ऊर्सी. मी आहे मागे.

ऊर्सिना: नको. तूच पुढे चल. तू मागे असलास की आता भीती वाटेल मला.