एकच एचडी चॅनल

तिरुवल्लिकेणीतल्या केबलच्या ऑफिसात माझ्यापुढे एक सासू-सून उभ्या होत्या. सासू तंजावूरकडच्या मराठी घरातली, सून नाशिकहून आलेली.

"स्वरदा, नवे एचडी चॅनल आलेत की. आपल्या पॅकमध्ये एकच बसतंय म्हणे. तुझं मराठी घेऊया गे."

"नको अम्मा, तमिळच घेऊ. रोज तुमची सीरियल असते."

"मज काय, जुनं चॅनल पुरे. चेहरे धूसर दिसले तरी रडणं ऐकू येतंय की."

"पण मीसुद्धा बघते ना. त्या सीरियलमुळेच मला तमिळ यायला लागलं."

"अय्यो! बोलायला येतंय?"

"बोलता नाही येत अजून. समजतं मात्र सगळं."

"सगळं म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही बाल्कनीतून शेजारच्या मामींशी बोलता, ते."

"काय बोलले गे मी?"

"की माझं सांबार म्हणजे नुसतं चिंचेचं पाणी. आणि विश्वेश बायकोला भिऊन ते खातो."

"ते मी कौतुकानं सांगत होते!"

"हो ना. मामीही कौतुकानंच हसत होत्या."

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "कुठलं एचडी देऊ? तमिळ की मराठी?"

"मराठी," सासू घाईघाईने म्हणाली, "आणि ते जुनं तमिळ चॅनल आहे ना, ते आजच बंद करा."