डबी रिकामी होत नाही

नात: निळा.

आजी: निळा? नीट आठव पिटू. आपल्या बसनं आत्ता मागे टाकला ना, तो ट्रॅक्टर. कुठल्या रंगाचा होता?

नात: निळाच होता.

सून: राहू द्या आई. घरी सगळे रंग धडाधड सांगते, आणि आज बसमध्ये बसल्यापासून ट्रॅक्टर निळा, गवत गुलाबी आणि म्हशीला पाय तीन.

नात: एक पाय दिसतच नव्हता.

आजी: बघ, उत्तर चुकलं तरी वकिली पक्की.

सून: हसू नका हो. उद्या शाळेतल्या बाई हेच विचारणार आहेत. रंग, आकार, कमी-जास्त, आधी काय नंतर काय. शाळा घराजवळ असली तरी मुलाखत एवढ्या लांब, मुख्य शाखेत आहे, आणि जागा मोजक्याच आहेत.

आजी: बरं पिटाबाई, सोपं विचारते. पुढच्या बाकावर त्या दोघी बसल्यात. कुणाचे केस लांब?

नात: मला झोप आली.

आजी: आत्ता? दिवसाढवळ्या?

सून: झोपू द्या. डोकं माझ्या मांडीवर ठेव पिटू. हं, अशी.

आजी: तिचे पाय इकडे कर माझ्याकडे. आणि माझी पिशवी तिच्या हाताशी आहे ती असू दे, तिला उशाला लागते.

सून: झोपली का?

आजी: डोळे मिटलेत खरे.

सून: मग एक विचारू? रागावू नका.

आजी: रागावू नका म्हणून जे विचारतात, ते राग येण्यासारखंच असतं. विचार.

सून: तुमची ती बटणांची डबी. उत्तर बरोबर आलं की डबीतलं एक बटण तिच्या या दप्तराच्या कप्प्यात. असाच खेळ ना?

आजी: असाच. आणि डबी रिकामी झाली की पिटू मोठी झाली. शिवणकामातून उरलेल्या गुंड्या आहेत त्या. तुझा नवरासुद्धा त्याच गुंड्यांवर बेरीज शिकला. आजोळी जायचो आम्ही आगगाडीनं. लाकडी बाकं होती तेव्हा, खिडकीला गज. वाटेत त्यानं एक गुंडी नाकात घातली, आणि समोरच्या बाकावरच्या म्हातारबाबांनी तपकीर हुंगवून...

सून: शिंक आणली. माहीत आहे, पाठ आहे मला. मी वेगळंच म्हणतेय. दोन महिने खेळ चाललाय. पोरगी हुशार आहे. मग डबी अजून भरलेली कशी?

आजी: हेच मी तुला विचारणार होते.

सून: मला?

आजी: कोटाची ती काळी मोठी गुंडी तिनं मागेच जिंकली होती. नाचली होती घरभर. आज निघताना मी डबी उघडली, तर ती काळी गुंडी वरच बसलेली. दप्तर आवरतं कोण? तू. मी म्हटलं, पोरीनं आणखी चार दिवस घोकावं म्हणून तूच परत ओतत असशील.

सून: कमाल आहे. मला वाटत होतं तुम्हीच टाकताय.

आजी: मी कशाला टाकीन?

सून: बोलू का? ‘पोर लहान आहे, एक वर्ष थांबा’ हे कोण म्हणत होतं? आणि मी रोज रात्री शिकवलेलं सकाळपर्यंत पुसलं जातं ते तुमच्याजवळ झोपूनच.

आजी: म्हणजे मी पोरीला चुकायला शिकवते.

सून: असं नाही म्हणाले मी.

आजी: म्हणाली नाहीस. पण बस सुटल्यापासून कान माझ्याकडे लावून बसलीयस. मघाशी मी तिला हळूच ‘शू लागली का’ विचारलं, तर मान मोडेल इतकी वळलीस.

सून: तुम्ही तरी काय कमी आहात? माझा फोन वाजला की स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबतात.

आजी: थांबतात. कारण फोनवर विषय माझा असतो. ‘शाळा सुरू झाली की आई मोकळ्या.’ मोकळ्या म्हणजे काय गं? चार वर्षं तुझी पोर अंगाखांद्यावर वाढवली. मी कधी म्हटलं, मी अडकलेय म्हणून?

सून: तुमची कंबर दुखते, जिना चढवत नाही, म्हणून म्हणाले.

आजी: आणि गावाहून येताना आणलेली माझी पलंगाखालची ट्रंक पुसून लख्ख कुणी केली?

सून: कोळ्याची जाळी झाली होती हो.

आजी: चार वर्षं जाळी दिसली नाहीत. शाळेचं ठरलं आणि दिसली.

सून: आता याला काय उत्तर देणार?

आजी: देऊ नकोस. थांब. हिची मूठ बघ.

सून: काय झालं मुठीला?

आजी: झोपलेल्या पोराची मूठ सैल पडते. हिला मी निजवलंय, मला ठाऊक आहे. ही बघ, कशी घट्ट आहे. पिटाबाई, उघडा बघू.

नात: मी झोपलेय.

आजी: बरं. मग झोपेतच उघड.

सून: अगं बाई. फ्रॉकची पांढरी बटणं. ही तर तू कालच जिंकली होतीस. आणि दुसरा हात कुठे आहे तुझा? आजीच्या पिशवीत?

आजी: डबीचं झाकण उघडं आहे.

सून: पिटू, तू परत टाकतेस? आमचं लक्ष नसताना?

आजी: ओरडू नकोस तिच्यावर. का गं बाळ? तुला जिंकलेल्या आवडत नाहीत?

नात: तू म्हणालीस, डबी रिकामी झाली की मी मोठी झाले.

आजी: म्हणाले. मग?

नात: आणि आई मावशीला फोनवर म्हणाली, पिटू मोठी झाली की आजी जाणार.

(बस एका लांब पुलावरून जाते.)

सून: मी पुढेही काही म्हणाले होते पिटू. आजी गेल्या की मला घर खायला उठेल, असं म्हणाले होते.

आजी: हे पुढचं तेव्हा म्हणाली होतीस, की आत्ता पुलावर सुचलं?

सून: लावून देऊ का बहिणीला फोन? विचारा तिलाच.

आजी: नको. ती तुझीच बहीण.

सून: आई, तुम्ही पण ना.

आजी: रडतेस कशाला? बस बघतेय सगळी. हे घे, माझा पदर घे. नाक पूस.

सून: ट्रंक घरी गेल्यावर माळ्यावर टाकते. मग तर झालं?

आजी: माळ्यावर नको. पलंगाखालीच बरी. जाळी होऊ दे तिला पुन्हा.

नात: आजी, तू जाणार आहेस का?

आजी: आधी डबी दे इकडे. आज नवा खेळ. या सगळ्या गुंड्या ओतायच्या तुझ्या दप्तरात. हं, ओत. गेल्या सगळ्या?

नात: एक चिकटलीय.

आजी: काढ तिला. आता उत्तर बरोबर आलं, की दप्तरातली गुंडी डबीत. हळूहळू डबी भरायची.

नात: आणि भरली की?

आजी: ते मी नाही सांगायची. आईला विचार.

नात: आई, भरली की काय होतं?

सून: भरली की मोठी डबी काढायची. आपला तांदळाचा डबा आहे ना, तो.

नात: तो तर खूप मोठा आहे. तो कधीच नाही भरणार.

सून: नाही भरणार.

आजी: ऐकलंस ना पिटू? लक्षात ठेव हं. तू साक्षीदार.

नात: आजी.

आजी: काय गं?

नात: तो ट्रॅक्टर तांबडा होता.