चार कोटी अठ्ठ्याऐंशी लाखांत एक

लेक : मटार राहू दे. हातातलं खाली ठेव आधी, मग सांगते.

आई : हात रिकामे ठेवून बातमी ऐकायची मला सवय नाही. तू बोल, कान मोकळेच आहेत.

लेक : नीट बसलीयस ना?

आई : बसलेय. जावयांची नोकरी गेली?

लेक : नाही गं.

आई : मग वन्सं पंधरा दिवस राहणार.

लेक : आत्या चारच दिवस आहे. आई, चांगली बातमी आहे.

आई : मग एवढे आढेवेढे कशाला? चांगली बातमी उभ्याउभ्यासुद्धा ऐकता येते.

लेक : उद्या आणि परवा तुला ड्यूटी नाही. एकतीस आणि एक, दोन्ही दिवस सुट्टी. आणि पगारी.

आई : कुणी सांगितलं?

लेक : तुझ्या नव्या साहेबांनी. सकाळी माझ्यासमोर सही केली त्यांनी.

आई : सकाळी तू गोटीचे डायपर आणायला गेली होतीस.

लेक : तेही आणले. पण आधी तुमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात गेले. तुला सांगून गेले असते तर जाऊ दिलं असतंस का?

आई : नसतं.

लेक : म्हणूनच. आई, दाणे सालांत टाकतेयस.

आई : टाकू दे. म्हणजे आमच्या कक्षातली ती स्टोअरवाली बाई दुपारी फोन करून "ताई, तुमचे उपकार कसे फेडू" म्हणाली आणि चक्क गुणगुणत फोन ठेवला, ते यामुळे.

लेक : तिला उपकार कसले वाटतायत? तुझी ड्यूटी तिच्या गळ्यात पडली. साहेबांनी स्वतः चिठ्ठी काढली, तिचं नाव निघालं. मला तर तिची दया आली.

आई : तुला फार लवकर दया येते. हा तुझ्या बाबांचा गुण. माझ्याकडे नाही तो.

लेक : तू खूश नाहीस?

आई : आहे की. हे बघ, हसतेय.

लेक : याला हसणं म्हणत नाहीत. दाताच्या डॉक्टरकडे दाखवतो तसं तोंड आहे हे.

आई : तू साहेबांना सांगितलंस तरी काय?

लेक : खरं तेच. की माझी आई अकरा वर्षं सलग, वर्षाचा शेवटचा आणि पहिला दिवस तक्रारींच्या फोनपाशी काढते. कक्षात पाच बायका आहेत, चिठ्ठ्या टाकतात, आणि दर वेळी नाव निघतं ते हिचंच. सगळं घर गोळा झालेलं असतं आणि ही तिकडे एकटी, कुणाच्या तरी नळाला पाणी नाही म्हणून लिहून घेत असते. मी अर्जच केला होता. त्यात बाबांनी काढून दिलेला आकडाही घातला.

आई : कसला आकडा?

लेक : पाच जणींत एकीचंच नाव अकरा वेळा ओळीने निघण्याची शक्यता. चार कोटी अठ्ठ्याऐंशी लाखांत एक. साहेबांनी चष्मा काढून पुसला आई. म्हणाले, एका बाईच्या वाट्याला एवढं दुर्दैव मी नोकरीत पाहिलं नाही. पुढच्या वर्षीपासून चिठ्ठ्या तेच लिहिणार आणि तेच काढणार.

आई : लिहिणारसुद्धा तेच?

लेक : हो. का?

आई : काही नाही. अक्षर फार वाईट आहे त्यांचं.

लेक : आणि उद्याचं सगळं मी ठरवलंय. दादा-वहिनी सकाळी नऊला पोरांना घेऊन येतायत. आत्या दहाला. हे आज रात्रीच येतायत, गोटीची खेळणी घेऊन. तू काही करायचं नाहीस. फक्त बसून राहायचं.

आई : दहा माणसांत बसून राहणं म्हणजे काय ते तुला अजून कळायचंय. दर पाच मिनिटांनी उठणं म्हणजे बसून राहणं. उठायचं नसेल तर निदान उभं तरी असावं.

लेक : आई, काय झालंय नक्की?

आई : गोटी झोपलीय ना?

लेक : आत्ताच. का?

आई : मग दार लोटून घे. चिठ्ठ्या मी लिहिते.

लेक : म्हणजे?

आई : कक्षात माझं अक्षर बरं आहे. जुने साहेब होते ना, त्यांनी पहिल्या वर्षी विचारलं, सुट्टीच्या दोन दिवसांची ड्यूटी कोण करेल. आम्ही पाचही जणींनी एकदम हात वर केले. त्या गृहस्थाला वाटलं संप पुकारतोय. घाबरून म्हणाले, चिठ्ठ्या टाका.

लेक : थांब. हात वर केले म्हणजे, तुम्हाला सगळ्यांना हवी होती ड्यूटी?

आई : पाचही जणी संसारी बायका आहेत गं. आणि पहिल्या वर्षी माझं नाव खरोखर निघालं हो. गोटीची शपथ.

लेक : तिची शपथ घेऊ नकोस. आणि दुसऱ्या वर्षी?

आई : दुसऱ्या वर्षापासून नशिबाला मी थोडा हातभार लावला.

लेक : किती?

आई : पाच.

लेक : पाच वर्षं?

आई : पाच चिठ्ठ्या.

लेक : पाचही चिठ्ठ्यांवर तुझंच नाव?

आई : एक निघाली की बाकीच्या उघडून कोण बघतंय? सगळ्या "हाय रे दैवा" म्हणत आपापल्या घरी जातात. बरण्या धुवायला.

(बाबा वर्तमानपत्राची घडी करत दारात येतात.)

बाबा : चहा होतोय का विचारायला आलो होतो. पण इथे काहीतरी दुसरंच उकळतंय.

लेक : बाबा, तुम्ही आधी बसा.

आई : त्यांना बसवू नकोस. ते बसले की चहा मागतात.

लेक : बाबा, आईला सुट्टी मिळवून दिली मी. तुमचा आकडा दाखवून.

बाबा : माझा आकडा तू ऑफिसात नेलास?

लेक : मग कशासाठी विचारला होता?

बाबा : मला काय ठाऊक? बत्तीस वर्षं गणित शिकवलं. गणित विचारलं की उत्तर द्यायचं, कशाला हवंय ते विचारायचं नाही, ही सवय. घोळ घातलास बाळ.

लेक : घोळ मी घातला? ही बाई अकरा वर्षं फसवतेय सगळ्यांना. दर वर्षी दादा फोनवर म्हणतो, बिचारी आई. वहिनी डब्यात केक काढून ठेवते, बिचाऱ्या आईंना म्हणून. मी एका वर्षी रडले होते.

आई : आठवतंय मला. त्या वर्षी मलाही वाईट वाटलं होतं. बारा वाजेपर्यंत.

लेक : आणि मग?

आई : मग चहा आला.

लेक : असं काय आहे गं तिथे? एक खोली, एक फोन.

आई : आणि एक खुर्ची. हात टेकायच्या दांड्या असलेली. खिडकीतून ऊन येतं ते अकराला टेबलावर आणि दोनला पायांवर. चहा येतो तो मी गरम पिते. घरी मी गेल्या तीस वर्षांत गरम चहा प्यायलेय तो फक्त भांड्यातून कपात ओतताना, वासाने. तिथे डबा उघडला की शेवटच्या घासापर्यंत खाते. मधे उठून कुणाला काही वाढत नाही.

लेक : आणि फोन?

आई : एक तारखेला लोक उठतातच दुपारी. नळाला पाणी नाही हे त्यांना कळेपर्यंत तीन वाजतात. फोन येतो, मी पत्ता लिहून घेते, तक्रारीला नंबर देते. नंबर दिला की माणूस "थँक्यू मॅडम" म्हणतो आणि संपतं गं ते. घरातल्या तक्रारी कधी संपलेल्या बघितल्यास? इथे कुणाला नंबर देता येतो?

बाबा : मला दिला होतास एकदा.

आई : पहिल्या वर्षी यांचे बारा फोन आले. सगळ्या शहराचे मिळून नऊ. मीठ कुठंय, गाळणी कुठंय, दादाचा मोजा कुठंय. शेवटी दिला यांना नंबर. दहा.

बाबा : त्याची दखल अजून घेतली गेलेली नाही.

लेक : म्हणजे आम्ही सगळे येतो ते तुला नकोच असतं.

आई : असं तोंड पाडू नकोस. येता ते हवंच असतं. पाचनंतर.

लेक : पाचनंतर?

आई : पाचला सुटून मी दारातून आत येते ना, तेव्हा तुम्ही सगळे काय गोड दिसता. दादाची पोरं, वन्सं, तू, दिवाणावर पसरलेले जावई. डोळे भरून येतात माझे. सकाळपासून बघितलं तर तेवढे गोड नाही दिसत. प्रयत्न करून पाहिलाय मी.

लेक : बाबा, तुम्हाला धक्का नाही बसला?

बाबा : बसला होता. आठ वर्षांपूर्वी.

आई : म्हणजे?

बाबा : अगं, गणिताच्या माणसाशी लग्न केलंस तू. दुसऱ्या वर्षी नाव निघालं, पंचविसांत एक. म्हटलं, होतं असं. तिसऱ्या वर्षी सव्वाशेत एक. एवढं दुर्दैव असणारा माणूस इतक्या उत्साहाने केस धुऊन ड्यूटीला जात नाही. तिथून पुढे मी नुसता आकडा वाढवत नेला, तोंडाने अरेरे म्हणत. गंमत म्हणून.

आई : म्हणून चौथ्या वर्षापासून तुमचे फोन बंद झाले?

बाबा : हो.

आई : मला वाटलं, मीठ सापडलं.

बाबा : मीठ कुठलं सापडतंय. दोनतीन वर्षं आम्ही अळणीच खाल्लं. ताई म्हणाली, वहिनी नसली की जेवण कसं पथ्याचं होतं.

लेक : छान. म्हणजे या घरात मी एकटीच मूर्ख.

बाबा : दादाही आहे. तू अगदीच एकटी नाहीस.

लेक : ठीक आहे. चूक माझी, मी निस्तरते. आत्ता जाते साहेबांकडे. म्हणते, आईला कामाशिवाय करमत नाही.

आई : नाही जायचं.

लेक : का? तुलाच हवंय ना?

आई : ती ड्यूटी आता स्टोअरवालीची आहे. तिला तीन मुलगे, घरात नणंद, आणि नणंदेचा कुत्रा. दोन वर्षांमागे मला म्हणाली, "ताई, माझं नाव कधीच कसं हो निघत नाही?" मी म्हटलं, नशीब गं बाई. तोंड वर करून म्हटलं. तिच्या नावाची चिठ्ठी मी अकरा वर्षांत एकदाच लिहिलीय. आज तिने फोनवर गाणं म्हटलं. आता तिच्याकडून ते काढून घेऊ?

लेक : मग तुझं काय?

आई : माझं काय, बसून राहीन. तू सांगितलंयस ना तसं. नऊला दादा, दहाला वन्सं. कांदे किती काढून ठेवू?

लेक : असं बोलू नकोस.

आई : चिडून नाही बोलत. अकरा वर्षं मिळालं, पुष्कळ झालं. आमच्या आईला एकही मिळालं नव्हतं. ती आजारी पडायची, तेवढीच सुट्टी.

लेक : आई.

आई : काय?

लेक : मी परवा गोटीला यांच्याकडे दिलं आणि बाथरूममध्ये कडी लावून बसले. नुसतीच. नळ सोडून ठेवला, बाहेर वाटावं आंघोळ चाललीय. दहा मिनिटं.

आई : पाणी वाया घालवलंस. आमच्या खात्याचं.

लेक : तक्रार लिहून घे.

आई : वीस मिनिटं बसायचंस की मग. दहात काय होतंय?

लेक : ही घे.

आई : हे काय?

लेक : माझ्या घराची किल्ली. आम्ही तिघं चार तारखेपर्यंत इथे आहोत, घर रिकामं आहे. डबा घे, पर्स घे, रोजच्यासारखी नऊला नीघ. दादाला काय सांगायचं ते मी सांगते.

आई : वेडी आहेस का? तुझ्या घरी जाऊन मी काय करणार?

लेक : काही नाही. तेच करायचंय.

आई : तुझ्या ओट्यावर भांडी पडलेली असतील.

लेक : पडलीयत. ती माझी आहेत. हात लावलास तर आत्याला सगळं सांगेन.

आई : फोन नाही तिथे. चैन नाही पडणार मला.

लेक : शेजारी फार कटकटे आहेत. बेल वाजवून तक्रार करतील. तू नंबर दे.

आई : अहो, बघा काय म्हणतेय ही. खोटं बोलायचं, तेही वर्षाच्या पहिल्याच दिवशी?

बाबा : खिडकी कुठल्या बाजूला आहे तुझ्याकडे?

लेक : गॅलरी आहे. ऊन साडेदहाला येतं.

बाबा : मग वेताची खुर्ची सकाळी रिक्षात घालून मी नेऊन ठेवतो. दादा यायच्या आत परत येतो.

आई : आणि इथे? दहा माणसं.

बाबा : नऊ. आणि मीठ कुठे असतं ते तेवढं आत्ता दाखवून ठेव.

आई : ते तुमच्या डोक्याच्या वर आहे. तीस वर्षं तिथेच आहे. बरं, मग पाचला निघते मी तिथून. साडेपाचपर्यंत येते.

बाबा : सुट्टीचे दिवस आहेत. बस कुठे वेळेवर येते. साडेसातच्या आत काही तू पोचत नाहीस.