धाकट्याच्या हातची साखळी

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरची थोर मंडळी, व्यापारी संघाचे सभासद, पेढीची दोन-दोन पिढ्यांची गिऱ्हाइकं, आणि आज ज्याच्या निरोपासाठी हे सभागृह भरलं आहे तो माझा धाकटा भाऊ,

अध्यक्षांनी घड्याळ काढून समोर ठेवलंय, ते मी पाहिलं. पण हा उद्या लेकीकडे कायमचा राहायला निघतोय, तेव्हा एक गोष्ट आजच सांगायला हवी.

वडिलांनी सोन्याचांदीची पेढी उघडली ती शिंप्याच्या पडवीत. एक तराजू, एक शेगडी. काचेचं दार, मखमलीची कपाटं मागाहून आली. मी शाळेत कविता चालीवर म्हणणारा. फुंकणी ओठांना लावली की ज्योतही चालीवर डुलायची. वडील म्हणाले, "तू गिऱ्हाइकांशी गोड बोल. विस्तवाचं धाकटा बघेल."

झालं. सत्तेचाळीस वर्षं लोक माझ्यासमोर बसायचे आणि माझ्या खांद्यावरून आत बघत विचारायचे, "धाकटे आहेत ना?" आता सांगा, थोरल्याने यावर काय बोलावं?

एकदा हा तापाने आडवा झाला. स्टेशनमास्तरांच्या पत्नींची तुटकी साखळी आली होती. मी दार लोटलं, याच्या जागेवर बसलो आणि सांधा जोडला. बाईंनी ती उजेडात धरली. "धाकट्यांचा हात लगेच कळतो हो." मी हसलो. आत कोळसा झाला होता.

पंधरा दिवसांत सांधा सुटला. बाई परत आल्या, हा समोरच होता. मी म्हणालो, "धाकट्यानेच केलं होतं." याने भिंग लावलं. अहो, सोनाराला सांधा म्हणजे हस्ताक्षर. माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि बाईंना म्हणाला, "चुकलंच माझं, वहिनी."

पुढे अवाक्षर नाही. भांडला असता तर बरं वाटलं असतं. चांगुलपणातही पहिला नंबर याचाच. त्या रागात मी वर्षभर याच्याशी धड बोललो नाही. का, ते घरातल्यांना आज कळतंय.

काय रे? "दादा, बस आता," म्हणतोय. नाही बसत.

बघा, टाळ्या पडल्या आणि सगळ्यांच्या माना वळल्या त्याच्याकडे. असो.

संयोजकांचे आणि सकाळपासून खुर्च्या मांडणाऱ्यांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, ते आपण उदार मनाने सोडून द्यावं. साखळीचं सोडून देणं मात्र आपल्या हातात नाही. त्याची क्षमा, धाकट्या, मी तुझ्याकडे मागतो.