मर्यादा कुणाची वाढवली

"बा, मशीनच नवी घ्यावी लागेल," सर्व्हर सांभाळणारा जिग्नेश मला तिसऱ्यांदा म्हणाला आणि मीही तिसऱ्यांदा नाही म्हणाले. सेल उघडताच माझ्या सुनेची साड्यांची वेबसाइट अडकली होती. गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे चालली होती.

साठीनंतर सुरतेत पांडेसऱ्याच्या घरात बसून मी सर्व्हर चालवणारं लिनक्स शिकले, तेही कुणाला न विचारता. सर्व्हर निम्मा रिकामा होता, ते मला स्क्रीनवर दिसत होतं. एका वेळी हजारभरच कनेक्शन उघडू देणारी त्याची मूळची मर्यादा आडवी येतेय, असं मी त्याला सांगितलं.

"ती तर मी सकाळीच वाढवली," जिग्नेश म्हणाला आणि त्याने कमांड मारून दाखवली. आकडा आला पासष्ट हजार.

सून हळूच म्हणाली, "आई, राहू द्या ना. ते इंजिनिअर आहेत."

"असू दे की," म्हणत मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला आणि साइट चालवणाऱ्या वेबसर्व्हर प्रोग्रॅमलाच त्याची मर्यादा विचारली. तिथे आकडा अजून एक हजार चोवीसच होता.

जिग्नेश पुढे वाकून तो आकडा बघू लागला.

"भाई, तू वाढवलीस ती तुझ्या लॉगिनची मर्यादा, वेबसर्व्हरची नाही," मी म्हणाले, "आता सगळ्या साड्या तू एकटाच घेणार आहेस का?"